पडलं तर सुटू नये, चाप ओढला तर अडू नये: पिस्तूल पारखतात कसं?

१ ऑक्टोबर २०२४ची पहाट. अभिनेता गोविंदा मुंबईत जुहूच्या घरी कोलकात्याला निघायच्या तयारीत होता. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, खाली पडलं आणि गोळी डाव्या पायात शिरली, असं त्याच्या बाजूने सांगण्यात आलं. त्या दिवशी फोनवर आलेल्या निम्म्या मेसेजमध्ये विनोद होते, उरलेल्यांत संशय. प्रश्न एकच होता: नुसतं पडल्याने गोळी सुटते का?

पुढच्या वर्षी जुलैत अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या वॉरेन हवाई तळावर एम१८ पिस्तुलाच्या गोळीने एका तरुण हवाई सैनिकाचा जीव गेला. अण्वस्त्रवाहू बॉम्बर आणि क्षेपणास्त्रं ज्या कमांडच्या ताब्यात आहेत, त्या कमांडने आपली सगळी एम१८ वापरातून काढून तपासायला घेतली. जगातल्या सर्वात श्रीमंत लष्कराने वर्षानुवर्षं चाचण्या घेऊन निवडलेलं हे पिस्तूल. प्रश्न पुन्हा तोच.

सरळ उत्तर असं की हो, पडल्याने गोळी सुटू शकते. सुटू नये अशी सोय करता येते, आणि ती सोय खरी की जाहिरातीपुरती हे तपासताही येतं. अडचण अशी की पिस्तुलाकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. नको तेव्हा ते कधीच सुटू नये आणि हवं तेव्हा दर वेळी सुटावं. पहिल्या मागणीसाठी यंत्रात टाकलेला प्रत्येक अडसर दुसरीच्या वाटेत येऊ शकतो. पिस्तुलांमधला फरक बहुतेक या ओढाताणीतूनच येतो.

चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत

काडतुसाच्या बुडाशी एक छोटी टोपी असते. तिच्यावर जोरात टोचा बसला की आतली दारू पेटते आणि गोळी नळीतून बाहेर पडते. टोचा मारणारी सळई म्हणजे फायरिंग पिन. काही पिस्तुलांत या पिनेवर मागून घोडा आपटतो. हल्लीच्या बहुतेक पिस्तुलांत बाहेर घोडा नसतोच, स्प्रिंगने ताणलेली पिनच थेट पुढे झेपावते. तिला स्ट्रायकर म्हणतात.

ताणलेल्या स्ट्रायकरला मागे धरून ठेवणारा एक चिमुकला खटका असतो, त्याचं नाव सिअर. चाप ओढला की सिअर सरकतो, स्ट्रायकर सुटतो, गोळी झाडली जाते. त्याच धक्क्याने वरचा लोखंडी भाग, म्हणजे स्लाईड, मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, पुढे येताना मॅगझीनमधलं, म्हणजे काडतुसं भरायच्या पेटीतलं, नवं काडतूस नळीच्या मागच्या खोबणीत, चेंबरमध्ये, बसवतो आणि स्ट्रायकर पुन्हा ताणून ठेवतो. दर गोळीला चाप नव्याने ओढावा लागतो, बाकी सगळं आपोआप होतं, म्हणून सेमी-ऑटोमॅटिक.

म्हणजे एक गोळी झाडून झाली की पिस्तूल पुढच्या गोळीसाठी तयारच असतं. सुरक्षेचे सगळे प्रश्न या तयार अवस्थेतले आहेत.

लॉक दोन जातींचं

स्वयंपाकघरातल्या गॅसचं घ्या. रात्री रेग्युलेटर बंद करणं हे आपलं काम. विसरलो की विसरलो. काही नव्या शेगड्यांत मात्र आच विझली की गॅस आपोआप तुटतो, आपल्याला काहीच करावं लागत नाही. पिस्तुलातही या दोन्ही जाती आहेत. अंगठ्याने वरखाली करायचा सेफ्टी कॅच ही पहिली. दुसरी जात दिसत नाही: पिनेच्या वाटेत आडवा बसलेला एक छोटा खिळा, जो चाप पूर्ण ओढल्याशिवाय हलतच नाही. पिस्तूल आपटलं, सिअर घसरला, तरी पिन त्या खिळ्यावर अडते.

ऑस्ट्रियातले गॅस्टन ग्लॉक पडद्याचे रॉड आणि लष्करासाठी सुऱ्या बनवायचे. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या लष्कराने त्यांचं पिस्तूल घेतलं, तेव्हा त्याला बाहेरचा कॅच नव्हताच. तिन्ही सेफ्टी आतल्या, आणि तिन्ही चापाला बांधलेल्या. चापाच्या मधोमध एक पातळ जीभ असते. बोटाने ती दाबली गेली तरच चाप मागे जातो. बाजूने काही घासलं किंवा पिस्तूल आपटलं, तर जीभ दाबली जात नाही आणि चाप जागेवरच राहतो. त्या काळी बिनलॉकचं पिस्तूल म्हणून या कल्पनेला बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. आज आपल्या एनएसजीच्या कमांडोंकडे ग्लॉक १७ असतं.

एक लक्षात ठेवा: दुसऱ्या जातीचं लॉक अपघाती धक्क्यापासून वाचवतं. चाप खरोखर ओढला गेला, मग तो बोटाने असो, जॅकेटच्या नाडीने असो की होल्स्टरच्या, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानाच्या, दुमडलेल्या चामड्याने, तर ते काहीही अडवत नाही. चाप ओढला की सुटायचं, हेच त्याला शिकवलेलं आहे.

तीस अंशांचा घोळ

जानेवारी २०१७मध्ये अमेरिकी लष्कराने १९८५पासूनचं बेरेटा एम९ बदलायचं ठरवलं आणि सिग सॉअर कंपनीच्या पी३२० या पिस्तुलाची निवड केली. करार ५८ कोटी डॉलरपर्यंतचा. लष्करी नावं एम१७ आणि एम१८. तेच पिस्तूल, थोड्या फरकाने, आम ग्राहकांना आणि पोलिसांनाही विकलं जात होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काही जणांनी पी३२० वेगवेगळ्या कोनांत पाडून पाहिलं. स्लाईडच्या मागच्या कडेवर, साधारण उणे तीस अंशांच्या कोनात आपटलं, की काही पिस्तुलांतून गोळी सुटत होती. कारण समजायला सोपं आहे. पिस्तूल मागच्या बाजूवर आपटून थांबतं, पण आतले सुटे भाग क्षणभर त्याच दिशेने, म्हणजे मागे, जात राहतात. पी३२०चा चाप जाडजूड होता आणि त्यात जीभ नव्हती. तो स्वतःच्याच वजनाने मागे सरकला. मागे सरकणं म्हणजेच ओढला जाणं. पिस्तुलात पिन अडवणारी आतली सेफ्टी होती, पण ती चापानेच उघडते. तिच्या दृष्टीने कोणीतरी चाप ओढला होता, मग ती कशाला अडवील?

दोष अवघड नव्हता, तो लपलेला होता. अमेरिकी उद्योगाची नेहमीची चाचणी म्हणजे पिस्तूल चार फुटांवरून, ठरलेल्या स्थितींत, रबरी चटईवर टाकायचं. कॅलिफोर्निया राज्याची चाचणी मीटरभर उंचीवरून काँक्रीटवर होते, सहा स्थितींत: आडवं, उलटं, कुशीवर, मुठीवर, नळीवर आणि घोड्यावर किंवा सगळ्यात मागच्या टोकावर. तिरपा कोन या यादीत नाही. हातातून निसटून पडणारं पिस्तूल मात्र यादी वाचून पडत नाही. चाचणीत पास झालं, या वाक्यापुढे कुठल्या चाचणीत, असं विचारायची सवय म्हणूनच हवी.

डॅलस पोलिसांनी पी३२० थांबवलं. कंपनीने ऑगस्टमध्येच मोफत बदलाची योजना काढली: हलका चाप, हलका स्ट्रायकर, नवा सिअर आणि एक जादा डिस्कनेक्टर, म्हणजे चाप आणि सिअर यांच्यातला दुवा तोडणारा भाग. पेंटॅगॉनच्या चाचणी कार्यालयाने जानेवारी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातून कळलं की लष्कराच्या स्वतःच्या पाडून बघण्याच्या चाचणीतही गोळी सुटली होती आणि लष्कराने हलके भाग बसवून घेतले होते.

इथवरचं स्पष्ट आहे. पुढचं नाही. पाडलं नाही, हात लावला नाही, होल्स्टरमध्ये असतानाच सुटलं, अशा तक्रारी नंतर येत राहिल्या. खटले झाले. २०२४मध्ये जॉर्जियात २३ लाख डॉलर आणि फिलाडेल्फियात १ कोटी १० लाख डॉलर भरपाईचे निकाल ज्युरींनी दिले. चाप कशानेतरी ओढला गेल्याशिवाय आमचं पिस्तूल सुटत नाही, यावर कंपनी ठाम आहे. वायोमिंगच्या प्रकरणात तर एका सहकाऱ्यालाच मनुष्यवध आणि खोटं निवेदन दिल्याच्या संशयावरून अटक झाली, आणि तपासणीनंतर एम१८ पुन्हा वापरात आलं. मात्र त्याच तपासणीत सुमारे ८ हजार पिस्तुलांपैकी १९१ पिस्तुलांच्या भागांत झिजेची शंका आढळली: सेफ्टीचा खटका, स्ट्रायकर, सिअर. त्या मृत्यूचा दोष पिस्तुलावर टाकणं घाईचं ठरलं, म्हणून पिस्तूल निर्दोष ठरत नाही. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, पण इंटरनेटवरच्या भांडणात त्यातलं एकच वाक्य उचललं जातं.

“मग बाहेरचं लॉक असलेलंच घ्यावं की!”

पहिल्यांदा सुचतं ते हेच. लष्कराच्या एम१७ आणि एम१८ला अंगठ्याचा सेफ्टी कॅच आहेच, लष्कराची तशी अटच होती. नागरी पी३२० बहुतेक वेळा त्याच्याविना विकलं गेलं.

या बाजूने सगळ्यात वजनदार पुरावा लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्याचा आहे. तिथले पोलीस वर्षानुवर्षं बेरेटा ९२ वापरत. त्याला बाहेरचं लॉक होतं आणि पहिल्या गोळीसाठी चाप लांबवर, जोर लावून ओढावा लागे. मग खात्याने स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी आणलं: बाहेरचं लॉक नाही, चाप हलका आणि आखूड. चुकून गोळी सुटण्याच्या घटना २०१२मध्ये १२ होत्या, २०१४मध्ये ३० झाल्या.

चौकशीत पुढे आलेलं कारण माणसांचं होतं. चापावर बोट टेकवून ठेवायची सवय बेरेटाने इतकी वर्षं पोटात घातली होती. नव्या पिस्तुलाने ती माफ केली नाही. भरीला नळीखाली बसवलेला टॉर्च आला. त्याचं बटण मुठीवर, मधल्या बोटाखाली. अंधारात, घाईत, टॉर्च लावायला मधलं बोट आवळलं की शेजारचं तर्जनीचं बोटही आवळलं जातं. तर्जनी चापावर असेल तर काय होणार, हे सांगायला नको. पाचही बोटं सुटी-सुटी चालवणं माणसाच्या हाताला ताणाखाली जमत नाही, आणि हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

दुसरी बाजूही पोकळ नाही. जीव धोक्यात असताना अंगठ्याने कॅच खाली करायचं राहून जातं. ज्याचा रोज सराव आहे त्याच्या हाताला ती हालचाल आपोआप येते. वर्षातून एकदा रेंजवर जाणाऱ्याला येत नाही. माझं मत विचाराल तर ज्याला सराव कमी त्याने बाहेरचं लॉक जरूर घ्यावं. अशा माणसाला शत्रूपेक्षा स्वतःच्या बोटाचा धोका जास्त असतो.

जड चाप हा उपाय का नाही?

न्यूयॉर्क पोलिसांनी हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. ग्लॉकचा नेहमीचा चाप साधारण अडीच किलोच्या जोराने ओढला जातो. न्यूयॉर्कने तो १२ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोंचा करून घेतला. गोळ्यांसकट पिस्तुलाचं वजनच किलोच्या आत. किलोभराची वस्तू हलू न देता तिच्यातला एक खटका साडेपाच किलोंच्या जोराने ओढा, हे सांगायला सोपं आहे.

२४ ऑगस्ट २०१२ला एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका बंदूकधाऱ्यावर गोळ्या झाडल्या. नऊ वाटसरू जखमी झाले, सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या कपच्यांनी. सगळा दोष चापावर टाकता येणार नाही, पण त्यानंतर जड चापावरची टीका वाढली, आणि पुढे खात्याने नव्या भरतीसाठी हलका चाप स्वीकारला. चुकून न सुटणारी गोळी नेमकी लागेलच असं नाही. सुरक्षा मोजताना हा हिशेब बहुतेक जण मांडतच नाहीत.

“माझ्या पिस्तुलाने कधी दगा दिला नाही”

आता दुसरी मागणी: हवं तेव्हा सुटावं. इथे मोजमाप असतं ते सरासरी किती गोळ्यांमागे एकदा पिस्तूल अडखळतं याचं. अडखळणं म्हणजे काडतूस न चढणं, पुंगळी अडकणं, गोळी न फुटणं. अमेरिकी लष्कराची नव्या पिस्तुलासाठी अपेक्षा होती २ हजार गोळ्यांमागे एक.

एखादा शौकीन सांगतो, मी २०० गोळ्या झाडल्या, एकदाही अडकलं नाही. गणिताने पाहिलं तर २०० निर्विघ्न गोळ्यांवरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की अडखळण्याचं प्रमाण शंभरात दीडपेक्षा कमी असावं. लष्कराच्या २ हजारांच्या कसोटीला उतरतं असं त्याच खात्रीने म्हणायचं तर सलग ६ हजार गोळ्या न अडता जायला हव्यात. एवढी काडतुसं कोणी विकत घेत नाही. म्हणून एकट्याच्या अनुभवापेक्षा हजारो पिस्तुलं वापरणाऱ्या खात्यांची नोंद मोलाची. कॅलिफोर्नियाची ६०० गोळ्यांची चाचणी जास्तीत जास्त सहा अडथळे चालवून घेते. दुकानात विकायला ती ठीक, कमरेला लावायला मला कमी वाटते.

आकडाही नीट वाचावा लागतो. लष्कराच्या चाचणीत एम१७ आणि एम१८ साध्या गोळ्यांवर अपेक्षेच्या बरेच खाली राहिले. वाचून कोणालाही वाटेल की पिस्तूल टाकाऊ आहे. पण त्यातले सुमारे ६० टक्के अडथळे एकाच प्रकारचे होते: शेवटच्या गोळीनंतर स्लाईड मागे अडकून राहायला हवी, ती राहत नव्हती. सैनिकांना पिस्तूल वरून घट्ट पकडायला शिकवलेलं, त्या पकडीत दुसऱ्या हाताचा अंगठा नेमका स्लाईड अडवणाऱ्या खटक्यावर येत होता. गोळी सुटायची राहिली असं यात एकदाही होत नाही. मॅगझीन संपल्याचं कळायला उशीर होतो, एवढंच.

बेरेटा एम९ची गोष्ट याहून शिकवणारी. इराकच्या बारीक धुळीत ते अडकतं अशी ओरड झाली, आणि पिस्तूल बदनाम झालं. मूळ दुसऱ्याच कंपनीने बनवलेल्या मॅगझीनमध्ये सापडलं. तिच्या आतल्या खरखरीत लेपाला धूळ धरून बसायची आणि काडतुसं वर सरकायची नाहीत. पिस्तूल कधी एकटं विश्वासार्ह नसतं. पिस्तूल, मॅगझीन, काडतूस आणि मूठ, हे चारही मिळून एक यंत्र आहे. स्वस्तातलं मॅगझीन घेऊन नावाजलेलं पिस्तूल वापरणाऱ्याने नावाचे पैसे फुकट घातले.

मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं?

नाही. साफसफाई करताना होणाऱ्या अपघातांत हीच चूक पुन्हा पुन्हा दिसते. मॅगझीन बाहेर आलं तरी चेंबरमध्ये चढलेलं एक काडतूस तिथेच असतं. रिकामं करायचा क्रम ठरलेला आहे: आधी मॅगझीन काढा, मग स्लाईड मागे ओढा, मग चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि बोटाने चाचपा. क्रम उलटा केला, आधी स्लाईड ओढली, तर मॅगझीनमधून नवं काडतूस आत येतं आणि तुम्ही समजता रिकामं झालं.

१९३५च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये यावर एक तोड होती: मॅगझीन काढलं की चाप मेलाच. आपल्या इशापूरच्या कारखान्यात बनणारं ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ याच हाय-पॉवरच्या वंशातलं. आपल्या लष्करात आणि पोलिसांत कित्येक पिढ्यांनी ते हाताळलं. या सोयीवर सैनिकांचा आक्षेप असा की मॅगझीन बदलतानाच्या दोन सेकंदांत चेंबरमधली गोळी असूनही उपयोगाची नाही. नेमबाजांचा आक्षेप असा की तिने चाप खरखरीत होतो. लढणाऱ्यासाठी पहिला आक्षेप मला पटतो. घरात कपाटात पिस्तूल ठेवणाऱ्यासाठी एकही पटत नाही.

आपल्याकडे कोणाला काय लागू

भारतात सामान्य परवानाधारकाला ९ मिमीचं पिस्तूल घेता येत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्यांना मनाई असलेल्या नळीच्या मापात, येतं. म्हणून परवान्यावर बहुतेक .३२चीच शस्त्रं दिसतात. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि २०१६च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घातलं आहे. ते प्रशिक्षण सही-शिक्क्यापुरतं उरकलं तर वरचे सगळे खिळे आणि जिभा व्यर्थ आहेत.

रिव्हॉल्व्हरबद्दल थोडक्यात: जुन्या रचनेच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर नसतो. घोड्यावर आपटलं तर टोचा थेट बसतो. म्हणून जुने लोक घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचे. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तोच उपाय म्हणजे चेंबर रिकामं ठेवणं. त्यापुढे कुठलीही तंत्रज्ञानाची सोय फिकी पडते, कारण सुटायला आत काही नसतंच. किंमत फक्त स्लाईड ओढायच्या एका हालचालीची. घरी पिस्तूल बाळगणाऱ्याला ती किंमत परवडते. गस्तीवरच्या पोलिसाला परवडेलच असं नाही.

मग निवडायचं काय

टेक्सास किंवा न्यू जर्सीत राहणारे आपले लोक हा प्रश्न खरोखर विचारतात, म्हणून माझा क्रम सांगतो. आधी चापात जीभ किंवा तसा काही जडत्वाला अडवणारा उपाय आहे का ते बघा, आणि आत पिन अडवणारा खिळा आहे का ते. मग मोठ्या पोलीस खात्यांत ते मॉडेल किती वर्षं टिकलं ते. मग चाप झाकणारं, न दुमडणारं, कडक होल्स्टर, आणि त्यावर कंजुषी नको. सराव जमणार नसेल तर बाहेरचं लॉक. ‘पाच सेफ्टी’ असं लिहिलेल्या जाहिरातीत प्रत्येक सेफ्टी कुठल्या अपघातासाठी आहे ते विचारा. दोन सेफ्टी एकाच चापावर टेकलेल्या असतील तर चाप सरकला की दोन्ही एकदम जातात. पी३२०मध्ये हेच झालं.

आणि कोणी जुनं पी३२० स्वस्तात देत असेल, तर आधी चाप बघा. २०१७च्या बदलानंतरचा चाप पातळ आहे, आधीचा जाड. जाड असेल तर नंबर कंपनीच्या यादीत टाकून बदल झाला की नाही ते पाहा, आणि झाला नसेल तर पिस्तूल आधी कंपनीकडे पाठवायला सांगा.